नदीवर जाण्याआधीचं बोलणं

तुझं नाव मी इथे लिहीत नाही. तुझ्या आईनं, म्हणजे यायानं, तशी ताकीदच दिली आहे. नदीवर हाक मारेपर्यंत नाव घ्यायचं नाही. प्राचार्यांना कॉलेजच्या वार्षिकांकासाठी माझ्याकडून तुझ्यावर लेख हवा होता. चार आठवणी लिहा आणि शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली म्हणा, असं ते म्हणाले. तुझं जन्मगाव, शिक्षण, नोकरी हे सगळं त्यांनी ऑफिसातून काढून घेतलंय, ते तुझ्या फोटोखाली छापून येईल. त्या फोटोत तू कधी नव्हे ती गंभीर दिसतेस. मी त्यांना हो म्हणाले. पण हे जे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, आणि घाईनं लिहिते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मला तुझ्या गावी जायचं आहे. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं नाही. कधीच नाही. तसा शब्द मी यायाला दिला आहे.

शब्द दिला खरा, पण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? अमरावतीहून मी इथे आले तेव्हा माझ्याकडे एक लोखंडी पेटी होती आणि सगळ्या जगाला भाषाविज्ञान शिकवायची खुमखुमी होती. कुरखेड्यात बसस्टँडमागे राइस मिलला लागून ही खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी सांगितलं, आधीच एक मॅडम राहतात, गोंडाच्या आहेत, चालेल ना? माझ्या आधी तूच आतून ओरडलीस, "त्यांना विचारता मावशी, मले पन विचारा ना, वऱ्हाडातली चालते का म्हनून." दुसरी खाट त्याच संध्याकाळी आली. पहिल्या आठवड्यातच तू माझं नाव गुरुजी ठेवलंस, कारण म्हणे मी चहा मागतानासुद्धा व्याख्या सांगते.

तू अलंकार शिकवायचीस, मी भाषा. आपली भांडणं लागायला तेवढं पुरे होतं. पण भांडता भांडता आपण एक चांगलं काम सुरू केलं होतं, ते संज्ञांचं. मुलांना पुस्तकातली उदाहरणं पचत नव्हती. मुखचंद्र म्हटलं की पोरी विचारायच्या, "काऊन मॅडम, तिले देवी आल्या होत्या का?" त्यांनी चंद्रावरचे डाग पाहिले होते, कवींनी पाहिले नव्हते. मग आपण बुटाच्या खोक्यात कार्डं जमवायला लागलो. एकेका कार्डावर एक संज्ञा. उपमा, व्याजस्तुती, अतिशयोक्ती, लक्षणा, व्यंजना, स्वनिम, बोली. व्याख्या मी लिहायची, आणि उदाहरण तू या झाडीतून शोधून आणायचं. बाजारातून, धानाच्या बांधीतून, मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्या तोंडून. तुझ्या अक्षराचे पाय नेहमी ओळीच्या खाली लोंबायचे.

काही कार्डांवर मात्र तू माझी व्याख्याच खोडायचीस. जंगलात वाघाला वाघ म्हणत नाहीत, मोठा म्हणतात. मी वर्ज्यशब्दाच्या कार्डावर लिहिलं, भीतीपोटी टाळलेला शब्द. त्याखाली तू लिहिलंस, 'किंवा तो ऐकतो म्हणून.' मी वैतागले. ही समजूत झाली, व्याख्या नव्हे, असं मी म्हणाले. तू शांतपणे भाकरी मोडत म्हणालीस, की रानात जाताना कोणाची व्याख्या घेऊन जायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग चेतनगुणोक्तीचं प्रकरण झालं. ढिवराच्या एका पोरीनं पेपरात लिहिलं होतं, 'आज नदी नाई म्हनते.' निर्जीव नदीला माणसासारखं बोलतं केलं, म्हणून तू तिला पैकीच्या पैकी गुण दिलेस आणि वर्गात उभं करून कौतुक केलंस. पोरगी घाबरून म्हणाली, "हा अलंकार नाई मॅडम. नदी नाई म्हने, म्हनून माह्या बापानं जाळं वापस आनलं." वर्ग हसला. तू हसली नाहीस. खोलीवर आल्यावर ते कार्ड माझ्यापुढे टाकलंस आणि विचारलंस, आता काय करायचं? तिनं लिहिलं म्हणून अलंकार, की ती खरं मानते म्हणून नाही? मी म्हणाले, अलंकार ठरतो वाचणाऱ्यावर. तू म्हणालीस, मग वाचणाऱ्याला नदीवर पाठवू. त्या दिवशी आपण दोघी फार हसलो होतो.

सगळ्यात जास्त भांडलो ते मात्र संबोधनावरून. ते कार्ड अजून अर्धंच आहे. समोर नसलेल्याला, मेलेल्याला, झाडाला, दगडाला थेट हाक मारून बोलणं. माझी व्याख्या तयार होती, की जो ऐकू शकत नाही तो जणू ऐकतो आहे असं मानून केलेलं बोलणं. तू म्हणालीस, "ऐकू शकत नाई हे तुले कोनं सांगितलं?" मी तुला भाषेचा पहिला धडा ऐकवला. बोलणारा हवा, ऐकणारा हवा, मध्ये निरोप हवा. ऐकणाराच नसेल तर ती भाषा नव्हे, नुसता आवाज. तू म्हणालीस, "गुरुजी, तू फक्त बोलनाऱ्याच्या बाजूनं पायतेस." हे वाक्य मला तेव्हा नुसतं चटपटीत वाटलं होतं. उदाहरण तू लिहिलं नाहीस आणि माझी व्याख्या तू लिहू दिली नाहीस. कार्ड खोक्याच्या तळाशी गेलं.

तुझं म्हणणं काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, आणि ते मला अजिबात आवडलं नव्हतं. प्रथम वर्षाचा मोतीराम दिवाळीच्या सुट्टीत साप चावून गेला. सुट्टी संपली, वर्ग भरले, आणि तुझ्या हजेरीत त्याचं नाव तसंच राहिलं. नुसतं राहिलं नाही, तू ते घ्यायचीस. मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत वरून उघडी, सगळं ऐकू यायचं. एकेक नाव आणि "येस मॅडम". मग "मोतीराम" आणि काही नाही. माणूस वही शोधतो, बाकावरून उठतो, तोंड पुसून ओ देतो, तेवढा वेळ तू थांबायचीस. मग पुढचं नाव. गैरहजरीची खूण नाही की काही नाही. तेवढ्या वेळात पोरं श्वास घेत नव्हती. माझ्या वर्गातही कुणी घेत नव्हतं, आणि खरं सांगते, मीही घेत नव्हते.

मी तुला पोर्चमध्ये गाठलं. पोरं घाबरतात, मुली रडकुंडीला येतात, हे काय चालवलंयस, असं बरंच बोलले. तू म्हणालीस, त्याच्या घरच्यांनी अजून त्याला नदीवर बोलावलं नाही, गावात भात कापणी चालू आहे, माणसं जमत नाहीत. तोवर तो कुठे जाईल? त्याला ठाऊक असलेल्या जागा दोनच, घर आणि कॉलेज. "हाक मारनं माझं काम हाय," तू म्हणालीस, "ओ देनं त्याचं." मी म्हणाले, तू शिक्षिका आहेस की भगत? तुला राग आला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग एके दिवशी तू त्याचं नाव घेतलंस आणि पुढच्या बाकावरच्या पोरीनं मान वळवून मागे पाहिलं. तिच्यामागून आणखी दोघींनी. मी योगायोगानं तुझ्या दारात उभी होते, मला कोऱ्या रजिस्टरचा कागद हवा होता. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. पण मागे पाहून झाल्यावर त्या पोरी ज्या तऱ्हेनं पुन्हा सरळ बसल्या, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एखादा उशिरा आला, मॅडमनी त्याला पाहिलं, आता काही नाही, अशा बसल्या त्या. दुसऱ्या दिवसापासून तू ते नाव घेतलं नाहीस. आदल्या सकाळी त्याच्या गावी नदीवरचं काम झालं होतं, असं मला शिपायाकडून कळलं. मी तुला काही विचारलं नाही. कागद मात्र घ्यायचा राहिला.

आता तुझ्या तापाबद्दल. मलेरिया डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले आणि गडचिरोलीला हलवायला सांगितलं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुपारचं ऊन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी भरलेल्या बांध्या. आरमोरी मागे पडल्यावर तुझी मराठी संपली. तू गोंडीत बोलायला लागलीस. इतकी वर्षं एका खोलीत राहून तू मला गोंडीत भाज्यांची नावं आणि शिव्या एवढंच शिकवलंस. बाकीचं मागितलं की म्हणायचीस, फुकट देणार नाही, आधी तुझ्या व्याख्येतलं 'जणू' काढ. त्यामुळे मला एक अक्षर कळलं नाही. पण भाषा कळली नाही तरी तिची चाल कळते, माझा धंदाच तो आहे. तू बडबडत नव्हतीस. तू बोलायचीस, थांबायचीस, ऐकायचीस, मान हलवायचीस, मग पुन्हा बोलायचीस. एकदा तर तू मध्येच अडवलं गेल्यासारखी थांबलीस आणि हसलीस. संवादात माणसं आपापली पाळी घेतात, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. तू पाळी देत होतीस. माझ्याकडे एकदाही न पाहता.

तुला पुरल्यावर, सगळं झाल्यावर, यायानं मला विचारलं, शेवटी काय म्हणाली पोरगी? जे कानात राहिले होते ते आवाज मी जसेच्या तसे काढून दाखवले. अर्थाशिवायचे आवाज लिहून घ्यायची मला सवय आहे. यायानं तोंडावर पदर धरला. ती म्हणाली, "तुमच्याशी नोती बोलत, बाई. आजीशी बोलत होती." तुझी आजी जाऊन किती वर्षं झाली ते मला माहीत होतं. मला थोडा हेवा वाटला, हे तुला आत्ताच सांगितलं पाहिजे. तुझ्या शेवटच्या प्रवासात मी होते, पण तू दुसऱ्याच कुणाशी गप्पा मारत गेलीस.

आणि मग मी बोलायला लागले. रीतसर ठरवून नव्हे. पहिल्या दिवशी कुलूप उघडून आत आले आणि सवयीनं म्हणाले, आज पुन्हा परीक्षेच्या ड्यूट्या लावल्यात बघ. मग चहा करताना तक्रारी, पेपर तपासताना शेरे, आणि हळूहळू आपली जुनी भांडणं. एकटं राहणारी माणसं बोलतातच. त्यात घाबरण्यासारखं काय? मला तर बरं वाटत होतं. खोली भरलेली वाटत होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू म्हणायचीस, ते काही खोटं नव्हतं.

फक्त एक झालं, ते तुला सांगते. रविवारी दुपारी कार्डं लावत बसले होते. व्याजस्तुतीला उदाहरण नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, एवढी कार्डं भरलीस, हे तेवढं कोरं ठेवलंस होय? नावाजत नावाजत निंदा करायची, यात तर तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि मला वाक्य सुचलं, 'त्याच्या अंगनातून कावळा पन जेवून जाते.' कंजूष माणसाबद्दल. मी लिहून टाकलं. संध्याकाळी राइस मिलमधली रमाबाई पाणी भरायला आली. ती तुझ्याच बाजूची. तिला सहज वाचून दाखवलं. तिचा हात हंड्यावरच थांबला. "हे कुठी ऐकलं तुमी? आमच्या गावची म्हातारी म्हने असं. मेली ते." मी म्हणाले, मॅडम कधीतरी बोलल्या असतील. असशीलही बोलली. माणूस ऐकतो आणि विसरतो आणि पुन्हा आठवतो, त्याला स्वतःचं समजतो. हे शास्त्र मला येतं. पण त्यानंतर मी तुझ्याशी बोलताना खाटेकडे पाठ करून बसायला लागले, आणि तसं का करते हे स्वतःला विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात याया आली. दुपारची वेळ होती, मिल बंद, वारा पडलेला. मी आत बोलत होते. दार उघडलं तर ती उंबऱ्याशी बसलेली, बरीच आधी आलेली असावी. आत ये म्हटलं तर आली नाही. तिथूनच तिनं तुझ्या खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोणाशी बोलत होतात?

"स्वतःशीच," मी म्हणाले.

"स्वतःशी बोलनारा मानूस मधात थांबत नाई, बाई," याया म्हणाली.

ते खरं होतं. मी थांबत होते. वाक्य संपलं की मी जागा सोडत होते, एका माणसाला उत्तर द्यायला लागते तेवढी. आणि मग त्या उत्तराला धरून पुढे बोलत होते.

यायानं मग सगळं सांगितलं, न रडता, पण धापा टाकत. माणूस गेलं की तुमच्याकडे त्याला नदीवर जाऊन नावानं बोलावतात. पाण्यात मडकं धरतात. हाक ऐकून पहिला जो जीव मडक्यात येईल, मासा, झिंगा, किडा, काहीही, तो त्या माणसाचा जीव. त्याला घरी आणून पूर्वजांच्या जागेत मिळवतात. मग सणासुदीला इतरांबरोबर त्याचंही पान वाढता येतं. तुझ्यासाठी ती सगळी नदीवर गेली. मडकं रिकामं आलं. काही दिवसांनी पुन्हा गेली, तुझी मावशी गेली, भाऊ गेले, सगळ्यांनी हाका मारल्या. पुन्हा रिकामं. तेव्हा गावच्या जाणत्यानं सांगितलं, तिला कुणीतरी बोलण्यात गुंतवून ठेवलंय. यायाला कुणाला विचारावं लागलं नाही. ती सरळ बसमध्ये बसली आणि इथे आली.

"भुकी हाय पोरगी," ती म्हणाली. "तिचं पान मले वाढता येत नाई. तुमच्या जवळ ती हाय, पन तुमी तिले जेवू घालता का? नाई ना. बोलन्यानं पोट भरते का?"

तिचा विश्वास चुकीचा आहे असं त्या बाईला सांगायचं? मी सांगू शकले असते. मला भाषेचा पहिला धडा पाठ आहे. पण तो धडा तेव्हा मला धड बोलता आला नसता, कारण मागची खाट रिकामी आहे याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. मी विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, तुम्ही या. तुमच्या हाकेला ती येईल, ती तुमचं ऐकून राह्यली आहे. तुम्ही हाक मारा आणि माझ्याकडे द्या. आणि मग बोलू नका. एकदा दिल्यावर तिला परत वळवू नका. मनात आठवा, लोकांना सांगा, पण तिला म्हणून बोलू नका. जे बोलायचं राहिलं असेल ते आधी बोलून टाका.

तेव्हापासून मी एकाच गाठीत अडकले आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणापुढे सोडता येत नाही. तू इथे नाहीस असं मी मानते. मग उद्या नदीवर जाऊन दोन हाका मारायला माझं काय जातं? यायाला समाधान मिळेल, मी संध्याकाळी परत येईन आणि पुन्हा बोलायला मोकळी. पण चार दिवस झाले, मला जेवण जात नाही. तू नसशील तर तुला पाठवायची मला एवढी भीती का वाटते, सांग ना. आणि तू असशील, तर तुझ्या आईच्या ताटावरून उठवून मी तुला इथे भांडायला बसवून ठेवलंय. दोन्हीकडून मलाच बोल लागतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, गुरुजी, पहिल्यांदाच तुला दोन्ही बाजू दिसल्या.

तेव्हा बोलून टाकते. कार्डांचं काम मी पुरं करीन. तुझी उदाहरणं वर, माझ्या व्याख्या खाली, असं छापायला सांगेन. प्राचार्य कुरकुरतील, त्यांना कुरकुरू दे. तुझी निळी साडी मी रमाबाईच्या मुलीला दिली, आणि ती तिला तुझ्यापेक्षा जास्त शोभते. तुझ्या आंघोळीला लागणाऱ्या वेळाबद्दल मी सगळ्या स्टाफरूममध्ये बदनामी केली होती. तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीला मी नाकं मुरडली, पण ताट चाटूनपुसून खाल्लं. इथे पहिल्या पावसाळ्यात मला नोकरी सोडून परत जायचं होतं. मी पेटी भरली होती, आणि तू काही समजूत न घालता माझ्या खाटेखाली विटा लावून ती उंच केलीस, म्हणजे पाणी शिरलं तरी माझी पुस्तकं भिजणार नाहीत. त्या विटांमुळे मी राहिले. हे तुला कधी सांगितलं नाही. माझी इतकी माया कुणावरच नव्हती. हेही नाही सांगितलं.

आता मी वाक्य संपवते आहे आणि जागा सोडत नाही. बाहेर मिल सुरू झाली आहे, माणसं पोती उतरवताहेत, सगळं नेहमीचं चाललंय. पाठीमागे तू ऐकत असशील तर एवढंच ऐक, उद्या मी हाक मारीन. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस.

·

इथून पुढचं मी परत आल्यावर लिहिते आहे, वाचणाऱ्यांसाठी.

नदीत पाणी गुडघ्याएवढंच होतं, संथ आणि गढूळ. काठावर तिच्या घरची माणसं उभी होती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. यायानं पाण्यात उतरून कोरं मडकं आडवं धरलं. आधी तिनं हाक मारली, मग मावशीनं, मग भावांनी. पाणी हललं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढून आत उतरले. गार चिखल बोटांतून वर आला.

"जैवंता," मी म्हणाले.

नाव पाण्यावरून पलीकडच्या झाडीपर्यंत गेलं. एक पाखरू बोलत होतं ते गप्प झालं. आणि मला माझ्या अगदी मागे, खांद्याशी, कुणीतरी पाण्यात उभं असल्यासारखं वाटलं. यायानं माझ्याकडे न पाहता हळूच सांगितलं, "थांबू नोका, बाई. तिले सांगा."

"जैवंता, आईकडे जा," मी म्हणाले. "आई उभी आहे बघ. जेवायला जा."

माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. छोटंसं, गार. माझ्याकडून मडक्याकडे. यायानं मडकं उभं केलं आणि त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. आत काय होतं ते तिनं कुणाला दाखवलं नाही, मीही पाहिलं नाही. ती मडक्याशी गोंडीत बोलत बोलत काठावर चढली, आणि घरापर्यंत बोलतच राहिली. मध्ये थांबत होती, मान हलवत होती. घरी आतल्या खोलीत तिनं मडकं ठेवलं, पान मांडलं, भात वाढला. मला अंगणात बसवून जेवू घातलं. मी पोटभर जेवले.

दुपारची बस रिकामीच होती. मी दाराजवळच्या बायकांच्या बाकावर, खिडकीजवळची जागा सोडून कडेला बसले होते. असं का बसले ते मला पुढच्या थांब्यावर कळलं, तिथे डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई चढली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"इथी कोनी हाय का, बाई?" तिनं विचारलं.

मी आत सरकले.

"नाही," मी म्हणाले. "बसा."